खुब्याचं सामुदायिक वाचन

रक्ताचा रिपोर्ट मराठी माणूस नम्रपणे वाचतो. आकडा, शेजारी त्याची मर्यादा, आणि मर्यादा ओलांडलेला आकडा ठळक टाइपात. मत द्यायला जागाच ठेवलेली नसते. एमआरआयच्या फिल्मवर एकाच मणक्याची वीस-पंचवीस चित्रं असतात, ती मोजतानाच माणूस थकतो. सोनोग्राफीत कुणाला काही दिसतं यावर तर घरात कुणाचाच विश्वास नसतो. एक्स-रेचं तसं नाही. चित्र एकच, तेही मोठं, काळंपांढरं, आणि त्यात दिसणारा माल प्रत्येकाच्या अंगात आहे. म्हणून एक्स-रे वाचायला शिक्षण लागत नाही, खिडकी लागते. पाकीट घरात आलं की जो तो ‘बघू’ म्हणून हात पुढे करतो, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतो, डोळे बारीक करतो आणि ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’नंतर जे येतं त्याला घरात रिपोर्टाइतकीच किंमत असते. फुकट असल्यामुळे कधी कधी जास्तच.

हा हक्क एक्स-रेच्या जन्मापासूनचा आहे. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या वुर्त्सबर्गला रोंटगेन यांना हे किरण सापडले, आणि डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी. तो फोटो बघून बाई घाबरल्या, त्यांना स्वतःचं मरणच दिसलं, अशी हकीकत सांगतात. म्हणजे जगातल्या पहिल्या प्रसिद्ध एक्स-रेचं वाचन घरातच झालं, वाचणारं माणूस जवळच्या नात्यातलं होतं, आणि निष्कर्ष निघाला की आता काही खरं नाही. रोंटगेनना पुढे १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. आमच्याकडे हे काम बिननोबेल चालू आहे.

त्यातही खुबा हा गुडघ्याच्या मानाने उपेक्षित. २००० साली ब्रीच कँडीत वाजपेयींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि देशभरच्या कट्ट्यांवर गुडघे बदलण्याची चर्चा सुरू झाली. खुब्याला असा पंतप्रधान मिळाला नाही. तो नक्की कुठे असतो हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कमरेवर हात ठेवून ‘इथे खुबा दुखतो’ म्हणणाऱ्याचा सांधा तिथे नसतोच. तो खाली, जांघेत असतो, आणि बिघडला की त्याची कळ कित्येकदा गुडघ्यात उतरते. माझी आत्या कितीतरी दिवस गुडघ्याला तेल चोळत होती. तेल चांगलं होतं. गुडघाही चांगला होता. शेवटी २०२१ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, तिचा झिजलेला उजवा खुबा काढून नवा बसवला आणि ती घरी आली. तिच्याबरोबर वॉकर आला, कमोडची खुर्ची आली, आणि ते मोठं पाकीट आलं.

वाचनाला उपस्थित मंडळी अशी: फिल्म धरायला आतेभाऊ, शंका काढायला वहिनी, मोबाइलच्या पडद्यावर न्यू जर्सीचा धाकटा आतेभाऊ, मधे मधे कडमडायला नातू, आणि अध्यक्षस्थानी शेजारचे काका. काका पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आहेत. तसं त्यांचं आणि हाडांचं काही नातं नाही, पण ऑपरेशनमध्ये सिमेंट वापरलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

पहिलाच धक्का वहिनीने दिला. ऑपरेशन उजव्या खुब्याचं, आणि फिल्मवर धातू चमकत होता डाव्या बाजूला. ‘अगंबाई, डावाच केला की काय यांनी?’ क्षणभर कुणी बोलेना. न्यू जर्सीहून ‘वकील बघा’ असा सल्लाही येऊन गेला. आत्या मात्र उजव्या मांडीवरची पट्टी चाचपत म्हणाली, ‘टाके तर मला इकडेच टोचतायत.’ एक्स-रे बघताना पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं असतं, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. कोपऱ्यात इंग्रजी ‘आर’ असतो तो त्यासाठीच. पण हे सांगेपर्यंत आतेभावाने फिल्म उलटी करून खुबा योग्य जागी आणला होता, आणि मग तो ‘आर’ उलटा दिसतोय म्हणून मशीनमध्येच खोट असल्याचं सर्वानुमते ठरलं.

घरगुती एक्स-रे वाचनाचं एक मूलतत्त्व आहे: पांढरं ते चांगलं, काळं ते वाईट. हाडापुरतं ते चालूनही जातं. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड पांढरं दिसतं, हवा अडवत नाही म्हणून ती काळी, आणि धातू तर काहीच पलीकडे जाऊ देत नाही म्हणून सगळ्यात पांढराशुभ्र. पण नवीन खुब्याच्या फिल्मवर हे तत्त्व लावलं की घरात रडारड होते. आत्याच्या फिल्ममध्ये मांडीच्या हाडात एक लांब धातूची सळई उतरलेली होती. ती बघून सगळे खूश झाले. सळईच्या डोक्यावर एक गोळा होता, तोही छान. आणि त्या गोळ्याच्या वर, जिथे वाटी असायला हवी तिथे, काही नव्हतं. काळपट रिकामी जागा. त्या जागेत एक बारीक तार तेवढी गोल फिरलेली, आणि त्याहीपलीकडे थोडा पांढरा, ओबडधोबड थर. गोळा अधांतरी लटकत होता.

‘वाटी बसवायची राहिली,’ वहिनी म्हणाली.

‘बिलात लावलीय का बघा,’ काका म्हणाले.

बिलात होती. आत्यातही होती. ती प्लॅस्टिकची होती, आणि प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही. म्हणूनच कारखान्यात वाटीत ती बारीक तार बसवतात. वाटी दिसणार नाही, पण ती कुठे आहे आणि किती कललेली आहे हे तारेवरून कळेल. गोळा आणि पांढरा थर यांच्यामधली ती रिकामी जागा म्हणजेच वाटी. सर्जनचं सगळ्यात जास्त लक्ष फिल्मवरच्या या नसलेल्या गोष्टीकडे असतं. गोळ्याच्या वरची आणि खालची जागा सारखी आहे ना, वर्षागणिक वरची कमी तर होत नाही ना, हे तो बघतो. जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची झीज वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर व्हायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं नवं प्लॅस्टिक त्याहून पुष्कळ कमी झिजतं. म्हणजे पोकळी दिसतेय तोवर काळजी नाही. काळजी करायची ती पोकळी बुजायला लागली तर. हे समजावून सांगितल्यावर वहिनीने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर, दुकानदाराने पिशवी उघडून न दाखवता माल दिल्याचे भाव होते.

या न दिसणाऱ्या वाटीमागे फार कष्ट आहेत. इंग्लंडात लँकेशरमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. त्यांच्या पाहण्यात एक पेशंट आला. आधी कुठेतरी त्याच्या खुब्यात अॅक्रिलिकचा गोळा बसवलेला. तो गोळा करकरायचा. जेवणाच्या टेबलावर हा गृहस्थ पुढे वाकला की आवाज व्हायचा, आणि त्या आवाजाने त्याची बायको खोलीतून उठून जायची. आपल्याकडे एवढ्यावर बायका उठून जात नाहीत, दाराच्या बिजागरीला घालतात ते तेल पुढे करतात. पण चार्नलींनी घर्षणाचाच अभ्यास सुरू केला. आधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या, सुमारे ३०० पेशंटांना, आणि त्या भराभर झिजल्या. झिजलेल्या भुकटीने आत गाठी धरल्या. हे नक्की त्या भुकटीमुळेच होतं का ते बघायला या माणसाने टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. मग एक विक्रेता यंत्रमागाच्या चाकांसाठी वापरतात ते पॉलिथिलीन घेऊन आला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघितलं आणि वेळ फुकट घालवू नकोस म्हणून निघून गेले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब गेल्यावर तो तुकडा घासण्याच्या यंत्रावर लावून ठेवला. तो झिजेना. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिलीनची वाटी माणसांत बसू लागली. चार्नली पुढे सर झाले. ‘लॅन्सेट’ने २००७ मध्ये या ऑपरेशनला विसाव्या शतकाचं ऑपरेशन म्हटलं. साहेबाचं न ऐकणाऱ्या तंत्रज्ञाचं महत्त्व मी सांगितलं तेव्हा काकांनी जोरात मान हलवली. एका धरणाबाबत त्यांचंही असंच कुणीतरी ऐकायला हवं होतं.

इथून पुढे मैदान काकांचंच होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘पाणी किती दिवस मारलं?’

हाडाच्या सिमेंटला पाणी मारत नाहीत. पावडर आणि द्रव ऑपरेशनच्या टेबलाशेजारीच कालवतात, दहा-पंधरा मिनिटांत ते तापून घट्ट होतं. नाव सिमेंट असलं तरी ते अॅक्रिलिक आहे, दातांच्या कवळीच्या कुळातलं. चार्नलींना ते मँचेस्टरच्या दंतवैद्यकातल्या माणसाकडूनच मिळालं. आत्याला ही माहिती आवडली. कवळी तिला बारा-पंधरा वर्षं माहीत होती आणि तिची तक्रार नव्हती. काकांना अजिबात आवडली नाही. अठ्ठावीस दिवसांच्या आत सिमेंटवर भार टाकणाऱ्या कंत्राटदाराचं बिल त्यांनी आयुष्यभर अडवलं होतं, आणि इथे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आत्याला उभं केलं होतं.

शिवाय हे सिमेंट चिकटवत नाही. ते सळई आणि हाड यांच्यामधल्या खाचाखोचांत घुसून बसतं आणि दोघांना एकमेकांत घट्ट धरून ठेवतं. काकांच्या भाषेत ग्राउटिंग. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेटसारखी पावडर मिसळतात, नाहीतर तेही वाटीसारखं अदृश्य झालं असतं. काकांनी फिल्मला नाक लावून सळईच्या दोन्ही बाजूंचा थर तपासला, टोकाखाली सिमेंट कुठे थांबलंय ते बघितलं, आणि वरच्या कोपऱ्यात त्यांना ती सापडली.

‘भेग आहे.’

सिमेंट आणि हाड यांच्या मधोमध एक केसाएवढी काळी रेघ होती. नवीन खुब्याच्या एक्स-रेत वाटीखालोखाल लक्ष जिच्याकडे असतं ती हीच रेघ, आणि काकांना ती कुणी न सांगता सापडली हे कबूल केलं पाहिजे. तिचा अर्थ लावायला मात्र ग्रुएन यांनी १९७९ मध्ये सळईभोवतीच्या हाडाचे सात भाग पाडून दिलेत. बाजूने काढलेल्या फोटोतले सात धरले तर चौदा. वाटीभोवतीचे तीन भाग त्याच्याही आधी, १९७६ मध्ये डीली आणि चार्नली यांनी पाडले होते. कुठल्या भागात रेघ आहे, ती २ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे का, आणि मागच्या वेळेपेक्षा लांबली-रुंदावली आहे का, असे प्रश्न त्यातून पडतात. बारीक, एका जागी गप्प बसलेली रेघ पुष्कळांच्या फिल्मवर जन्मभर असते आणि तिचं काही होत नाही. वाटी सगळीकडून घेरणारी, दर फोटोत थोडी पुढे सरकणारी रेघ असेल तर सांधा सैल होतोय अशी शंका घ्यायची. तिसरा प्रश्न सोडवायला दुसरा फोटो लागतो, आणि आमच्याकडे पहिलाच होता. पण भेग सापडल्यावर दुसऱ्या फोटोची वाट बघत बसणं पाटबंधारे खात्याच्या रक्तात नाही. काकांनी त्याच संध्याकाळी सोसायटीत बातमी दिली.

मग त्यांनी ओळंबा मागितला. खरंच. सळई हाडात सरळ उतरली नाही, टोक एका बाजूला झुकलंय, आणि ती तार बघता वाटी तर पाणसळीत नाहीच, असं त्यांचं निरीक्षण होतं. सळईबद्दल त्यांचं थोडं तरी बरोबर होतं. टोक फार बाहेरच्या भिंतीकडे झुकलेलं डॉक्टरांनाही आवडत नाही. वाटी मात्र आडवी बसवली तर गोळा निखळायचा. ती मुद्दाम कललेली असते. १९७८ मध्ये ल्युइनेक यांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे उतार ४० अंश, त्यात दहा इकडे-तिकडे. आत्याची वाटी ४३ च्या आसपास होती. नातवाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने ती आम्ही मोजली. हे एवढं एकच माप त्या दिवशी घरच्या साधनांनी बरोबर आलं, कारण चित्र लहान केलं तरी कोन तोच राहतो.

लांबीच्या बाबतीत तसं नाही, आणि लांबी हा तर वहिनीचा विषय. ‘ऑपरेशननंतर एक पाय लांब होतो’ हे तिने ऐकलं होतं. पट्टी आणली, दोन्ही मांड्यांच्या हाडांवरचे छोटे उंचवटे शोधले, आणि फरक सात मिलिमीटर निघाला. आता या सात मिलिमीटरमध्ये किती गोष्टी मिसळल्या होत्या! किरण एका बिंदूतून फाकत येतात म्हणून एक्स-रेत हाड मुळापेक्षा पंधरा-वीस टक्के मोठं दिसतं. पुढे तेच चित्र फिल्मवर छापताना मावेल तेवढं लहान करतात. पेशंट जरा तिरका झोपला, पाऊल बाहेर वळलं, की तेच हाड वेगळं दिसतं. सर्जन या घोळातून कसा सुटतो? त्याने बसवलेल्या गोळ्याचा व्यास त्याला पक्का माहीत असतो, २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटर. फिल्मवर गोळा किती दिसतो ते मोजलं की बाकीच्या सगळ्याचं प्रमाण निघतं. म्हणजे मापाची पट्टी पेशंटच्या पोटातच असते. ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती तिघांना सांगितली. तिघांनीही विचारलं, ‘मग पाय लांब आहे की नाही?’ सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना जाणवतही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्यालाही जाणवत नव्हता. वहिनीने माप जाहीर केल्यानंतर मात्र ती आठवडाभर एक टाच उचलून चालली.

खुब्याच्या फोटोत खुबा तसा थोडाच असतो. सगळा कटीभाग येतो, आणि कटीभागात माणसाचं बरंच खासगी आयुष्य साठलेलं असतं. आतड्यांतला वायू काळ्या ढगांसारखा दिसतो. त्या ढगांना वहिनीने गाठी ठरवलं आणि आत्याने ते रात्रीच्या राजम्याने झाल्याचं सांगितलं. नसांमध्ये साठलेल्या चुन्याचे गोल ठिपके असतात, ते निरुपद्रवी, पण बघणाऱ्याला हमखास मुतखडे वाटतात. कातडीवरच्या स्टेपलच्या पिना ओळीने हाडात ठोकल्यासारख्या दिसतात. आणि बरोबर मधोमध, ओटीपोटात, एक नागमोडी पांढरी रेघ होती.

‘हे सापासारखं काय आहे?’ न्यू जर्सीहून विचारणा झाली.

‘स्प्रिंग,’ काका म्हणाले. ‘आतच विसरले.’

ऑपरेशन करणाऱ्यांच्या हलगर्जीपणावर चर्चा चांगली तापली. एवढा वेळ खुर्चीत बसून तेल लावलेले पापड खाणाऱ्या आत्याने चष्मा मागितला, फिल्म जवळ घेतली आणि म्हणाली, ‘अगंबाई, हे राहिलंच की!’

तो लूप होता. कुटुंबनियोजनाचा. १९६५ मध्ये सरकारने देशभर आणलेला लिपेस लूप, तालुक्याच्या दवाखान्यात बसवलेला, आणि नंतर काळाच्या ओघात सगळेच विसरलेले. ‘हे कधीचं, आई?’ धाकट्याने न्यू जर्सीहून विचारलं. ‘तुझ्यानंतरचं,’ आत्या म्हणाली. ‘तुला बघितलं आणि ठरवलं.’ काकांना एकदम घरी काम आठवलं. पुढे त्या लुपाचं काय करायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी बघितलं. मला मजा वाटली ती वेगळीच. लूपही पॉलिथिलीनचाच, वाटीही पॉलिथिलीनचीच. पण लुपाच्या प्लॅस्टिकमध्ये, तो एक्स-रेत सापडावा म्हणून, बेरियम मिसळलेलं होतं. लाखभर रुपयांची नवी वाटी कुणाला दिसत नव्हती आणि सरकारी फुकट लूप पन्नास वर्षांनी सात समुद्रापार दिसला.

पाकिटात रेडिओलॉजिस्टचा कागद पण होता. तो कुणी फारसा वाचला नाही. त्यात इम्प्लांट जागेवर आहे, हाडाला तडा नाही, हाडं विरळ आहेत, कण्यात वयोमानानुसार बदल आहेत आणि लूप आहे, असं सगळं सहा ओळींत होतं. शेवटी हे सगळं पेशंटच्या तपासणीशी ताडून पाहावं अशी सूचना. म्हणजे रेडिओलॉजिस्टने पेशंटकडे बघायला सांगितलं. पेशंटकडे बघत कोणीच नव्हतं.

त्या सूचनेत तथ्य होतं हे मला पुढे कळत गेलं. साध्या एक्स-रेला हाड आणि धातू दिसतात, मांस दिसत नाही. मध्यंतरी धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरवायचे खुबे निघाले होते. त्यातला एक २०१० मध्ये कंपनीला जगभरातून परत मागवावा लागला. त्या पेशंटांपैकी कित्येकांच्या फिल्मवर धातू अगदी जागच्या जागी आणि आजूबाजूचं मांस मात्र बिघडलेलं. त्यासाठी रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासावं लागलं, एमआरआय करावा लागला. उलटही होतं. झिजलेल्या प्लॅस्टिकची अतिबारीक भुकटी शरीरातल्या पहारेकरी पेशी गिळतात, ती त्यांना पचत नाही, आणि त्या चिडचिडीत शेजारचं हाड पोखरलं जातं. मालकाला पत्ता नसतो. दुखत नाही, लंगडत नाही, माणूस रोज भाजी आणायला जातो आणि आत हाडात खड्डा वाढत असतो. म्हणून तर दुखत नसतानाही दीड महिन्याने, वर्षाने, मग दर काही वर्षांनी फोटो काढायला बोलावतात. ‘काही होत नाहीये तर कशाला जायचं’ हा आपल्याकडचा राष्ट्रीय युक्तिवाद खुब्याला लागू नाही. एकट्या फिल्मला फार काही सांगता येत नाही. सळई दोन मिलिमीटर खाली बसली का, रेघ रुंदावली का, गोळा वर सरकला का, ही सगळी बातमी दोन फिल्मांमधल्या फरकात असते. त्यात पहिली फिल्म सगळ्यात मोलाची, कारण पुढच्या सगळ्या तिच्याशी ताडायच्या.

त्या पहिल्या फिल्मचं काय झालं? तर २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होतं. एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघू नका, डोळे जातील, असं नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतात. नातवाला शाळेत तेवढंच पाठ झालं होतं की फिल्म काळी हवी. आता खुब्याच्या फिल्मवर सगळ्यात पारदर्शक भाग कोणता, तर धातूचा. आणि सगळ्यात काळा कोणता, तर अंगाबाहेरचा, म्हणजे कडेचा. त्याने शास्त्रशुद्ध विचार करून खुब्याला कात्रीही लावली नाही. फक्त कडेची पट्टी कापली. त्या पट्टीवर आत्याचं नाव, तारीख आणि तो ‘आर’ होता. गच्चीवर वहिनीने वेळीच पट्टी हिसकावली म्हणून डोळे वाचले. पट्टी नंतर रद्दीत गेली. एकेकाळी फिल्मांमधल्या चांदीसाठी रद्दीवाले त्या आवडीने न्यायचे. हल्लीच्या फिल्मांना तेवढा भाव नाही, त्यामुळे त्याने ती नुसती सौजन्य म्हणून नेली.

यंदा तपासणीला जाताना आम्ही ती निनावी, निर्तारीख फिल्म, नवी फिल्म, काकांनी आखलेला नकाशा आणि स्वतः काका असे सगळे गेलो. डॉक्टरांनी आमचं पाकीट उघडलंच नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो होते. डावीकडे पहिला लावला, उजवीकडे आजचा, दोन्हींवर गोळ्याचं माप जुळवून घेतलं, सळईच्या कडेने वरून खाली आणि खालून वर बाण फिरवला, वाटीच्या तारेपाशी जरा थांबले.

‘छान आहे. जागचं हललेलं नाही.’

एवढंच! काका पुढे झाले आणि त्यांनी भेग दाखवली. डॉक्टरांनी आदराने बघितलं, ‘बरोबर, पहिल्यापासून आहे, तेवढीच आहे,’ म्हणाले. काकांचा चेहरा असा फुलला की परतीच्या रिक्षाचे पैसे त्यांनीच दिले. डॉक्टरांनी आत्याला खोलीभर चालायला लावलं, पडद्याआड झोपवून पाय वळवून बघितला, जिने चढता का विचारलं. फिल्मपेक्षा जास्त वेळ त्यांनी आत्याकडेच बघण्यात घालवला.

‘डॉक्टर, टिकणार किती?’ आतेभावाने विचारलं.

‘२०१९ मध्ये “लॅन्सेट”मध्ये मोठा अभ्यास आला होता. शंभरातले साधारण ५८ खुबे २५ वर्षं टिकलेत.’

आत्या बोटांवर काहीतरी मोजत होती. ‘म्हणजे मी एकशे एकची होईन तेव्हा.’

‘हो, आजी.’

‘आणि तुम्ही?’

डॉक्टरांनी मनात बेरीज केली. ‘बहात्तर.’

‘मग तुमचा हात कापत असेल,’ आत्या म्हणाली. ‘मुलाला शिकवून ठेवा.’